नागपूरच्या हिवाळ्यात सशाचं वजन कसं सांभाळायचं? गवत, भाजी, पेलेट आणि वजनकाटा

नागपुरात डिसेंबर लागला की ससा पाळणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. 'थंडी आहे, जरा जास्त खाऊ घाल' हा पहिला आणि 'बाजरी दे, गूळ दे, उष्ण असतं' हा दुसरा. सल्ले मायेपोटी दिलेले असतात, पण सशाच्या पोटाला दोन्ही मानवत नाहीत.

आधी आपली थंडी नेमकी किती, ते पाहू. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं रात्रीचं तापमान साधारण १२-१३ अंशांवर असतं, लाट आली की ७-८ पर्यंत उतरतं. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत गेला होता, पण असं क्वचितच होतं. शिवाय दुपारी पुन्हा २७-२८ अंश असतातच. सशाला १० ते २० अंशांचं हवामान सुखाचं वाटतं आणि हिवाळ्यात त्याच्या अंगावर दाट केस येतात. त्यामुळे घरात राहणाऱ्या सशाची भूक थंडीने फारशी वाढत नाही. वाढतो तो आपला हात, कारण याच दिवसांत भाजी स्वस्त असते आणि गाजर, वाटाणा, संत्री, बोरं सगळं एकदम बाजारात येतं.

मग फेब्रुवारीत ससा २०० ग्रॅमने जड झालेला असतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला गेला की तीच चरबी त्याच्या जिवावर उठते. सशाला घाम येत नाही, उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि जाड सशाला उष्माघात लवकर होतो. म्हणून मोठ्या, म्हणजे पूर्ण वाढलेल्या सशासाठी हिवाळ्याचं लक्ष्य सोपं ठेवा: दिवाळीनंतर जे निरोगी वजन होतं, होळीलाही तेच राहायला हवं.

गच्चीवर, अंगणात किंवा उघड्या बाल्कनीत राहणाऱ्या सशाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याला रात्री ऊब टिकवायला खरंच जास्त लागतं. ते कसं द्यायचं, तेही पुढे येईल.

(हे सगळं पाळीव सशाबद्दल आहे. शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू घरी आणून पाळू नका. तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे, आणि पिंजऱ्यात तो सहसा जगतही नाही.)

आधी हे जमवून ठेवा

- १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल स्वयंपाकाचा काटा. अडीच-तीन किलोच्या सशाला ५ किलो क्षमतेचा चालतो, मोठ्या जातीला १० किलोचा घ्या. भाजीवाल्याकडचा टांगता ताणकाटा नको, ५० ग्रॅमचा फरक त्यावर कळत नाही.
- ससा बसेल अशी खोल प्लॅस्टिकची टोपली आणि आत घालायला जुना टॉवेल.
- पेलेट (पाकिटात मिळणारे, चारा दाबून केलेले दाणे) मोजायला एक ठरलेली वाटी.
- गवत ठेवायला सुती पिशवी किंवा पुठ्ठ्याचं खोकं.
- पाण्यासाठी जड, न कलंडणारं मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं.
- एक वही: तारीख, वजन, पेलेट किती ग्रॅम, लेंड्या कशा.
- सशाचं वय, जुनी औषधं, आधीचे आजार लिहिलेला कागद. दवाखान्यात तोच सगळ्यात कामी येतो.

१. वजन करा आणि हाताने चाचपा

हिवाळी केसांमुळे डोळ्यांची फसगत होते. अंगाने गोल दिसणारा ससा आतून हडकलेला असू शकतो आणि उलटही असतं. म्हणून काटा आणि हात दोन्ही वापरा.

टोपली आणि टॉवेल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, मग ससा बसवा. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवा. कान धरून कधीच उचलू नका. मागचं धड अधांतरी राहिलं आणि सशाने जोरात लाथ झाडली तर त्याच्याच झटक्याने पाठीचा कणा मोडू शकतो. आकडा स्थिर होईपर्यंत डोळ्यांवर अलगद हात ठेवला की बहुतेक ससे शांत बसतात.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी भाजी देण्याआधी वजन घ्या. पोटातला चारा आणि लघवी यांनीच ५०-१०० ग्रॅम इकडेतिकडे होतात. सकाळी एकदा आणि रात्री एकदा असं वजन केलंत तर त्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

मग हात फिरवा. बरगड्या, पाठीचा कणा आणि कमरेची हाडं अशा तीन जागा बघायच्या. पातळ गोधडीखाली ठेवलेल्या पेन्सिलींवरून हात फिरवावा तशा बरगड्या लागल्या की ठीक. टोकदार लागल्या तर ससा रोड आहे, दाबूनही लागत नसतील तर जाड. मादीच्या गळ्याखालची पोळी निसर्गतः असते, तेवढ्यावरून तिला जाड ठरवू नका. पण पोळी इतकी मोठी असेल की अंग चाटताना आडवी येते, तर वजन नक्की जास्त आहे.

कोणतं वजन योग्य, याचा सरसकट तक्ता नाही. आपल्याकडच्या दुकानांतले बहुतेक ससे मिश्र जातीचे असतात आणि मोठेपणी दीड ते अडीच किलोंत बसतात. शुद्ध न्यूझीलंड व्हाइट ४-५ किलोंचा होतो. तुमच्या सशाचा हाताला योग्य लागतो तेव्हाचा आकडा, तोच त्याचा पाया. मात्र सहा-सात महिन्यांखालचं पिल्लू वाढीला लागलेलं असतं, त्याचं वजन दर आठवड्याला चढायलाच हवं.

२. गवत: आहाराचा ८० टक्के भाग

नवा माणूस भाजी आणि पेलेट यांचाच विचार करतो आणि गवत शोभेला ठेवतो. खरं तर उलट हवं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजवायला लांब, खरखरीत धागा चघळावा लागतो. आतडं चालू ठेवतो तोही हाच धागा. आणि आंधळ्या आतड्यात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) चारा आंबताना उष्णता तयार होते. थंडीच्या रात्री सशाची शेकोटी म्हणाल तर हीच. म्हणून थंडी वाढली की पहिल्यांदा गवत वाढवायचं.

किती? कधीच संपू द्यायचं नाही. दोन किलोचा ससा रोज साधारण ७० ते १०० ग्रॅम वाळलेलं गवत खातो, थोडं तुडवून वाया घालवतो. महिन्याला तीन किलो धरून आणा. जाळी किंवा टोपली त्याच्या शी-शूच्या ट्रेला लागूनच ठेवा, सशांना बसल्या जागी दोन्ही कामं करायची सवय असते. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा जुनं झटकून वर ताजं घाला. तेच गवत असलं तरी नवीन घातलं की ससा पुन्हा खायला येतो.

कोणतं गवत?

टिमोथी गवताची पाकिटं पाळीव प्राण्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतात. चांगलं असतं, पण बाहेरून आलेलं, म्हणून महाग. ओटचं वाळलेलं गवत त्यापेक्षा स्वस्त पडतं आणि ससे आवडीने खातात, मात्र त्यात दाण्याची कणसं भरपूर असतील तर ती काढून टाका. स्थानिक पर्याय म्हणजे हरळी (दूर्वा), मारवेल, पवन्या. ही गवतं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, नुकती फुलोऱ्यावर येताना कापलेली हवीत. जानेवारीत माळावर उभं दिसणारं पिवळं गवत म्हणजे नुसत्या काड्या.

स्वतः वाळवायचं असेल तर सावलीत, वारा लागेल असं, पातळ पसरून तीन-चार दिवस ठेवा आणि रोज उलथापालथ करा. चार किलो हिरव्यातून जेमतेम एक किलो वाळलेलं हाती येतं. काडी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे, रंग हिरवट राहिला पाहिजे आणि वास गोडसर आला पाहिजे. वास कुबट असेल किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडत असेल तर ती बुरशी आहे, फेकून द्या. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत गवताला घाम सुटतो. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस होतोच, तेव्हा गच्चीवरचा साठा आधी आत घ्या.

चारा आणताना इथे लोक फसतात:

- धानाचं तणस. भंडारा-गोंदियाकडून भरपूर येतं, स्वस्त असतं. अंथरायला उत्तम, पण खाद्य म्हणून अगदी निकस.
- कुटार. तुरीचं असो, सोयाबीनचं असो की हरभऱ्याचं, बारीक तुकडे आणि धूळ. लांब धागा नाही, वर शिंका सुरू होतात.
- ज्वारीचा कडबा. वाळलेली पानं चालतात, दांडे ससा टाकून देतो. पण कापणीनंतर फुटलेले कोवळे हिरवे फुटवे अजिबात नकोत. त्यात सायनाइड तयार होतं. जनावरांना किराळ लागते ती यानेच.
- कुसळी गवत. त्याची कुसं तोंडात, डोळ्यांत आणि केसांत रुततात.
- गाजरगवत. गाजराच्या पाल्यासारखं दिसतं आणि मोकळ्या प्लॉटवर सगळीकडे उगवतं. विषारी आहे.
- सुबाभूळ. शेळ्यांना देतात म्हणून सशाला देऊ नका. त्यातल्या मायमोसिनमुळे केस गळतात आणि वाढ खुंटते.
- लसूणघास आणि बरसीम. हिवाळ्यात हिरव्यागार पेंढ्या मिळतात आणि ससा तुटून पडतो. पण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त. जास्तीचं कॅल्शियम सशाच्या लघवीतून बाहेर पडतं आणि मूत्राशयात गाळ साचतो, लघवी खडूच्या पाण्यासारखी दिसते. वाढत्या पिल्लाला आणि रोडावलेल्या सशाला थोडं द्या, धडधाकट मोठ्याला नको.

रस्त्याकडेचं गवत कापणार असाल तर कुत्र्यांची मुतारी नसलेली, फवारणी न झालेली जागा निवडा, आणि दव उतरल्यावर कापा. ओलं गवत ढीग करून ठेवलं की आतून तापतं आणि आंबतं. मशीनने कापलेल्या लॉनचा चुराही याच कारणाने नको.

३. हिरवी भाजी: मोजून

दोन किलोच्या सशाला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम पाला पुरे, तोही तीन प्रकारचा आणि दोन वेळांत विभागून. गोकुळपेठेत किंवा कॉटन मार्केटात एक जुडी घेतली तर ती एका सशाला दोन-तीन दिवस पुरते.

रोज चालेल: सांबार (कोथिंबीर), पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. मेथी एक दिवसाआड. फुलकोबीची बाहेरची पानं भाजीवाले फुकट देतात, पण काही सशांना त्याने गॅस होतो, म्हणून एका पानाने सुरुवात करा.

पालक, चवळाई, चंदनबटवा, अंबाडी, बीटचा पाला यांत ऑक्झॅलेट (जास्त झालं तर मूत्रपिंडाला त्रास देणारा घटक) जास्त असतं. आठवड्यातून दोनदा, आणि एका दिवशी यांतली एकच. पालकाची जुडी स्वस्त मिळाली म्हणून आठवडाभर पालकच, हे करू नका.

गाजर ही भाजी नसून सशाची मिठाई आहे. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, आठवड्यातून दोन-तीनदा. संत्र्याची एक फोड, बी काढून, आठवड्यातून फार तर दोनदा. साल नाही, तिच्यावर फवारणीचे अंश असतात. बोर एखादं, आठोळी काढून. पेरूची पातळ चकती चालते, पेरूची आणि तुतीची पानं तर त्याहून चांगली. मात्र एका दिवशी यांतलं एकच काहीतरी.

ओले वाटाणे, तुरीचे सोले, हरभरा, हुरडा यांपैकी काहीच नाही. दाण्यातलं पिष्ट आंधळ्या आतड्यात गेलं की तिथले उपयोगी जिवाणू मरतात, नको ते वाढतात आणि जुलाब लागतात. लहान पिल्लू त्यात एका रात्रीत जातं. बाजरी, भाकरी, बिस्किट, शेंगदाणे, गूळ आणि संक्रांतीचा तिळगूळ यांनाही हेच लागू. घरी लहान मुलं असतील तर संक्रांतीच्या आठवड्यात पिंजऱ्यावर लक्ष ठेवा.

कांदा, कांद्याची पात, लसूण, बटाटा आणि त्याचा पाला, टोमॅटो आणि वांग्याची पानं विषारी आहेत. अंगणातली कण्हेर, घाणेरी, एरंड, रुई यांच्यापासूनही ससा लांब ठेवा.

हिवाळी पालेभाजीवर फवारणी असते. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यात दोनदा खळबळून धुवा आणि कापडावर तासभर पसरा. फ्रिजमधून काढलेला गारढोण पाला तसाच टाकू नका. नवीन भाजी एका वेळी एकच, पहिल्या दिवशी एक-दोन पानं. दुसऱ्या दिवशी लेंड्या गोल, कोरड्या आणि नेहमीएवढ्या असतील तरच पुढे वाढवा. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला भाजीची घाई करू नका.

४. पेलेट: वजन चढतं ते इथे

मोठ्या सशाला किलोमागे १५ ते २० ग्रॅम, म्हणजे दोन किलोच्या सशाला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम. घरात राहणारा, फार न हिंडणारा असेल तर ३०च. ही रक्कम डोळ्यांना फारच कमी वाटते आणि तिथेच हात सुटतो. आमटीची वाटी काठोकाठ भरली तर त्यात याच्या दुप्पट-तिप्पट मावतं. प्रत्येक कंपनीच्या पेलेटची घनता वेगळी असते, तेव्हा नवीन पाकीट आणलं की एकदा काट्यावर ३० ग्रॅम तोला, वाटीत ओता आणि ती पातळी आली तिथे मार्करने रेघ मारा. पुढे रोज रेघेपर्यंत. घरात कोण कधी खायला घालतं, हेही ठरवून टाका. सकाळी आईने, संध्याकाळी मुलांनी आणि रात्री पुन्हा बाबांनी पेलेट दिले, यातूनच जाड ससे तयार होतात.

पाकिटावर हे वाचा: फायबर किमान १८ टक्के, प्रथिनं १२ ते १४, चरबी ३ च्या आसपास किंवा कमी, कॅल्शियम ०.६ ते १. फायबरचा आकडाच छापलेला नसेल तर ते पाकीट परत ठेवा. रंगीत दाणे, मका आणि सुकामेवा घातलेलं मिश्रण घेऊ नका, ससा त्यातलं गोड वेचतो आणि कामाचं टाकतो. पोत्यातून सुटे मिळणारे पेलेट स्वस्त असतात, पण कधी बनले ते कळत नाही. जुन्या पेलेटमधली जीवनसत्त्वं उतरलेली असतात आणि चरबीला खवट वास येतो. फोडलेलं पाकीट दीड-दोन महिन्यांत संपेल एवढंच आणा.

दोन गोष्टी ठामपणे टाळा. कोंबडीखाद्यात कधी कधी सॅलिनोमायसिनसारखी औषधं मिसळलेली असतात, ती सशाला विषारी आहेत. आणि सरकीची ढेप, जी आपल्या कापसाच्या पट्ट्यात घरोघरी गाईम्हशींना घालतात, तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. म्हशीला जे पचतं ते सशाला पचेल असं नाही.

पेलेट किंवा गवताचा प्रकार बदलायचा तर ७ ते १० दिवस घ्या: आधी पाव हिस्सा नवीन, मग निम्मा, मग पाऊण.

५. पाणी

किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिली पाणी लागतं. पहाटे भांड्यातलं पाणी गार झालेलं असतं, ससा ते कमी पितो, पाणी कमी प्यायला की गवत कमी खातो आणि आतडं मंदावतं. सकाळी आणि रात्री भांडं घासून कोमट पाणी भरा. बाटलीपेक्षा भांड्यातून ससे जास्त पितात. बाटलीच वापरत असाल तर नळीची गोळी रोज बोटाने दाबून पाहा, ती अडकते.

६. दिवसाचं वेळापत्रक

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो, दुपारी झोपतो. त्यामुळे:

सकाळी ७ च्या सुमारास जुनं गवत झटकून नवीन, कोमट पाणी, पेलेटचा निम्मा भाग. ९ नंतर, ऊन चढल्यावर अर्धी भाजी. संध्याकाळी ६ ला उरलेले पेलेट आणि भाजी, आणि त्यानंतर तासभर तरी घरात मोकळं सोडणं. हिवाळ्यात लोक हेच बंद करतात आणि मग वजन चढतं. रात्री १० ला गवताचा सगळ्यात मोठा गठ्ठा, पुन्हा कोमट पाणी.

रात्री किंवा पहाटे ससा स्वतःच्या मऊ, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या थेट बुडाशी तोंड नेऊन खातो. त्यात ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात, अडवू नका. त्या मागे चिकटून राहत असतील तर ससा इतका जाड आहे की तोंड तिथवर पोचत नाही, किंवा त्याला पेलेट आणि गोड जास्त होतंय. अशा चिकट जागी माशा अंडी घालतात, आणि नागपुरात माशा हिवाळ्यातही असतात.

गच्चीवरच्या पिंजऱ्याला उत्तर आणि पूर्वेकडून बारदाना बांधा, एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवा. आत लाकडी खोकं, त्यात चार बोटं तणस, ओलं झालं की बदलायचं. कोरड्या थंडीपेक्षा ओलं अंथरूण आणि वाऱ्याचा झोत वाईट. शेजारी शेकोटी किंवा कोळशाची शेगडी नको, धुराने फुप्फुसं खराब होतात. आणि दिवसा २८ अंश असताना बारदाना वर करायला विसरू नका.

७. काटा काय सांगतो त्याप्रमाणे बदला

वजन ५ टक्क्यांच्या आत हलत असेल (दोन किलोच्या सशात १०० ग्रॅम) तर काहीच बदलू नका. घरातल्या सशाचं हिवाळाभर असंच चालायला हवं.

गच्चीवरचा ससा उतरतोय: दोन आठवडे सलग वजन घसरलं, पण खाणं आणि लेंड्या ठीक आहेत. आधी रात्रीचं गवत वाढवा आणि झोत बंद करा. तरी थांबलं नाही तर पेलेट १० ते १५ टक्के वाढवा, म्हणजे ३५ ग्रॅमचे ४०. पाच ग्रॅम म्हणजे चिमूटभर, पण रोज पडले की दोन-तीन आठवड्यांत काट्यावर दिसतात. म्हातारा ससा असेल तर मूठभर वाळलेला लसूणघास आठवड्यातून तीनदा.

वजन चढतंय: आधी गोड बंद, फळ आणि गाजर दोन्ही. मग पेलेट दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी कमी करा. दर आठवड्याला शरीराच्या १ ते दीड टक्का वजन उतरलं पाहिजे, म्हणजे २.४ किलोच्या सशात २५-३५ ग्रॅम. घाई केलीत, उपाशी ठेवलंत, तर जाड सशाच्या यकृतात चरबी उतरते आणि ते जिवावर बेततं. पेलेट कमी होतील तसं गवत जास्त खाल्लं जातंय ना, ते बघा. ते खाल्लं जात नसेल तर तिथेच थांबा आणि आधी दात तपासून घ्या.

वजन १० टक्के उतरलं: हिवाळ्याला दोष देत बसू नका, दवाखाना गाठा.

८. दवाखान्यात कधी जायचं

ससा १०-१२ तास काही खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर ती तातडीची वेळ आहे, सकाळची वाट पाहू नका. पोट फुगून घट्ट लागणं, दात करकर वाजवणं, कोपऱ्यात आक्रसून बसणं, कान बर्फासारखे गार पडणं ही पुढची चिन्हं. सशाचं शरीराचं तापमान ३८.५ ते ४० अंश असतं. ते ३८ च्या खाली गेलं की धोका वाढतो.

गवत उचलतो पण तोंडातून टाकतो, हनुवटी ओली राहते, फक्त मऊ पाला खातो, तर दाढांना टोकं आलेली असतात आणि ती जिभेला किंवा गालाला टोचतात. हिवाळ्यात रोडावणाऱ्या मोठ्या सशात आधी हेच तपासावं. पिल्लू खातंय पण वाढत नाही आणि लेंड्या पातळ आहेत, तर कॉक्सिडिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) असू शकतो. एक दिवसाच्या लेंड्या स्वच्छ डबीत घेऊन जा.

शहरातले बरेच पशुवैद्य मुख्यतः कुत्री-मांजरं बघतात, तेव्हा आधी फोन करून 'सशाचे दात बघता का?' हे विचारा. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा दवाखाना हा एक पर्याय. सोबत वही न्या, आणि टोपलीत थोडं गवत ठेवा म्हणजे वाटेत आणि रांगेत ससा खात राहील. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे भूल देण्याआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं. कोणी ठेवा म्हटलं तर कारण विचारा.

घरातलं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या वर्गातलं कोणतंही औषध सशाला तोंडावाटे देऊ नका. त्याने आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि जुलाबाने ससा दगावतो. न खाणाऱ्या सशाला जबरदस्तीने भरवण्याआधी आतड्यात अडथळा नाही, हे डॉक्टरांकडून कळलं पाहिजे.

९. थंडी सरताना

जानेवारीअखेर रात्रीचं तापमान १५ च्या वर जाऊ लागलं की गच्चीवरच्या सशाचे वाढवलेले पेलेट दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने मूळ मापावर आणा. तणसाचा थर अर्धा करा. फेब्रुवारीत केस गळायला लागतात. दिवसाआड विंचरा, नाहीतर गिळलेले केस आतड्यात साचतात. लेंड्या केसांच्या दोऱ्यात ओवल्यासारख्या दिसल्या तर गवत आणि पाणी दोन्ही वाढवा. महाशिवरात्रीपर्यंत वजनाचा आकडा दिवाळीनंतरच्या आकड्याशी ताडून पाहा. शंभर ग्रॅमपेक्षा जास्त चढलेला असेल तर पेलेट कमी करायला लगेच लागा, कारण मार्चच्या मध्यानंतर उन्हाने ससा स्वतःच कमी खातो आणि तेव्हा वजन उतरवणं जोखमीचं होतं.